आउकुसोच्या बसचं दार

सोमवारी सकाळी सहा वाजता रस्ता बदलणार होता.

म्हणजे रस्ता होता तिथेच राहणार होता. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, मधे डांबर आणि डांबरावर कुणाची ना कुणाची डुकरं. फक्त डांबराच्या ज्या अर्ध्या भागावरून आउकुसो सत्तावीस वर्षं बंदराकडे जात आला होता, त्या भागावरून आता परत यायचं होतं. आणि ज्या भागावरून परत यायचा, तिथून जायचं होतं. अख्ख्या सामोआत, एकाच वेळी. उजव्या बाजूने गाडी हाकणाऱ्या सगळ्यांनी डाव्या बाजूने हाकायची.

आउकुसोला हे पाठ होतं. बायकोने विचारलं की घडाघडा म्हणून दाखवायचा. म्हणून झालं की त्याच्या मनात यायचं, आपण आत्ता काय बोललो?

कारणही ठाऊक होतं. गावातल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी ऑकलंडला नाहीतर सिडनीला होतं. तिथल्या जुन्या गाड्या स्वस्त, पण त्या डाव्या बाजूने धावणाऱ्या. त्या गाड्या इथल्या भावंडांना पाठवता याव्यात म्हणून देशानेच बाजू बदलायची. आउकुसोचा पुतण्या रोपाती अकरा वर्षांनी ऑकलंडहून आला तो अशीच एक निळी गाडी बोटीत घालून. चर्चच्या आवारात लावलेली ती गाडी बघायला लोक आठवडाभर येत होते. आत बसून चाक फिरवून बघत होते.

गाड्यांचं ठीक होतं. बसचं काय?

बस आउकुसोने स्वतः बांधली होती. जुन्या ट्रकचा सांगाडा, त्यावर गावच्याच लाकडाच्या फळ्या, वर पत्रा. निळा, पिवळा, लाल रंग, आणि कपाळावर मोठ्या अक्षरांत नाव: किनाऱ्याची राणी. ड्रायव्हर डावीकडे बसतो, दार उजवीकडे. बस उजव्या कडेला थांबली की दार थेट गवतावर उघडतं. सोमवारपासून बस डाव्या कडेला थांबणार. मग दार उघडणार कुठे?

भर रस्त्यात.


शनिवार. खडू

शनिवारी सकाळी आउकुसोने खडू घेतला आणि बसच्या डाव्या अंगाला, स्वतःच्या खुर्चीच्या मागे, एक दार काढलं. मागे सरून बघितलं. पुसलं. जरा पुढे काढलं. पुसलं.

"काका, चित्र किती दिवस काढणार?" रोपाती कोकोचा पेला घेऊन कधीचा उभा होता. "करवत आणू का?"

"इथे मुख्य खांब आहे. तो कापला की छप्पर लोकांच्या डोक्यात."

"मग खांबाच्या मागे पाडा."

"मागे पाडलं तर कोण उतरतंय ते मला दिसणार कसं? उतरताना लोक माझ्या शेजारून जातात. मी प्रत्येकाचा पाय जमिनीला लागलेला बघतो, मग गाडी सोडतो."

"आरसा लावा."

"आरशात सगळं उलटं दिसतं," आउकुसो म्हणाला. "आता अजून काय काय उलटं करू?"

रोपाती हसला. मग त्याला वाटलं आपण हसायला नको होतं, म्हणून तो कोको पिऊ लागला. वाईट नव्हता पोरगा. ऑकलंडला अकरा वर्षं पावाची गाडी चालवली, एकही ओरखडा नाही. डावी बाजू त्याच्या अंगात मुरलेली. आणि तेच तर आउकुसोला खुपत होतं.

दाराचं असं ठरलं की सध्या राहू दे. पुढच्या महिन्यात खांब हलवू, मग बघू. सोमवारी आहे तेच दार.


रविवार. अट

रविवारी चर्चनंतर थोरल्या भावाच्या घरी जेवण होतं. थोरला भाऊ म्हणजे रोपातीचा बाप आणि घराण्याचा प्रमुख. लेसा ही त्याची पदवी. पदवी मिळाल्यापासून त्याचं जन्माचं नाव कुणी घेत नव्हतं, बायकोसुद्धा नाही. बस घराण्याची होती, म्हणजे बस कुणी चालवायची हे लेसाने ठरवायचं.

भाजलेलं डुक्कर झालं, नीरफणस झाला, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं झाली. लेसाने हात धुतले आणि पंखा हातात घेतला. तो पंखा हातात घेतो तेव्हा काहीतरी निघतंच.

"उद्या आठ वाजता शेजारच्या गावच्या चर्चमध्ये नव्या रस्त्यासाठी प्रार्थना आहे," तो म्हणाला. "आपलं गाव आपल्या बसमधून जाईल. मी तसा शब्द दिलाय."

"जाईल की," आउकुसो म्हणाला.

"आता गावसभेत काय ठरलं ते ऐका. पहिल्या दिवशी कुणी चुकून भलत्या बाजूला गेला तर गाव माफ करेल. सगळेच नवे आहेत. पण जो जाणूनबुजून जाईल, आमची जुनीच बाजू बरी म्हणेल, त्याच्या घराण्याला दहा डुकरं दंड. आणि हे सभेत कुणी मांडलं? मी मांडलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"हे गावाचं झालं. आता घरचं. आउकुसो, चूक झाली तर गाव माफ करेल. मी करणार नाही. तुझ्या मागे साठ माणसं बसतात. उद्या एकदा जरी विसरून उजवीकडे गेलास, तर चावी रोपातीकडे."

रोपाती खाली बघत राहिला. आउकुसोची बायको सीएनी तेवढी कोपऱ्यातून म्हणाली, "आणि रोपाती विसरला तर? तर चावी कुणाकडे, डुकरांकडे?"

"सीएनी," लेसा म्हणाला.

"विचारलं आपलं."

"कबूल, दादा," आउकुसो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? बस सोडली तर त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं असं नाही. तारोच्या कंदांची शेती होती, होडी होती. पण पहाटे चार वाजता अंधारात ती घरघर सुरू झाली की गाव कूस बदलायचं आणि म्हणायचं, आउकुसो निघाला. ते कुणी शेतीबद्दल म्हणत नाही.


रविवार, दुपार. शिंपले

सीएनीने चटईवर दोन नारळाच्या झावळ्या ठेवल्या. त्यांच्या मधला रस्ता.

"हा शिंपला तू. हा समोरून येणारा. हे..." तिने एक काजूची बी ठेवली. "...हे डुक्कर. चल."

आउकुसोने शिंपला सरकवला.

"मेलास."

"कसा मेलो? डावीकडे तर आहे."

"तुझी डावी की माझी डावी? मी समोर बसलेय."

"मग तू इकडे ये ना, माझ्या बाजूला!"

ती त्याच्या बाजूला येऊन बसली. शिंपला सरकला, बरोबर गेला. परत आला, बरोबर आला. दहा वेळा. अकराव्या वेळी आउकुसोचा हात उजवीकडे गेला आणि त्याला कळलंसुद्धा नाही. सीएनीला कळलं. तिने डुक्कर उचलून बाजूला ठेवलं.


सोमवार. सहाला दहा कमी

रेडिओवर सांगत होते: सगळ्यांनी आहात तिथे थांबा. दहा मिनिटं हलू नका. सहा वाजता सावकाश पलीकडे जा. दोन दिवस सुट्टी आहे, दारूची दुकानं बंद आहेत, वेग कमी ठेवा. घाई असेल तर घरी बसा.

किनाऱ्याची राणी रस्त्याच्या उजव्या कडेला घरघरत उभी होती. आत जवळजवळ अख्खं गाव. पुढच्या बाकावर लेसा. त्याच्या मागे गावातले इतर पदवीवाले, मग म्हाताऱ्या बायका, मग तरण्या, मग मांड्यांवर बसलेल्या. नेहमीचाच रिवाज. वडीलधारं माणूस चढलं की पुढचा उठून मागे जातो, मागचा त्याच्याही मागे, आणि शेवटचा कुणाच्या तरी मांडीवर. कुणी कुणाला सांगत नाही, सगळी बस आपोआप सरकते. रोपाती ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर बसला होता. ती जागा रिवाजात नव्हती, त्यामुळे जो चढे तो आधी त्याच्याकडे आणि मग आउकुसोकडे बघे.

सहा वाजले. चर्चची घंटा वाजली, कुणीतरी शंख फुंकला. आउकुसोने चाक डावीकडे वळवलं. बस डांबराच्या मधोमध आली, क्षणभर कुठल्याच बाजूची नव्हती, मग पलीकडे गेली. आत टाळ्या पडल्या. एका म्हातारीने "हालेलुया" म्हणून घेतलं.

"एवढंच?" कुणीतरी मागून म्हणालं. "याच्यासाठी वर्षभर भांडत होतो?"

आउकुसोच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. समुद्र डावीकडे, अगदी खिडकीशी. जाताना समुद्र कधी एवढा जवळ नसायचा. त्याला सारखं वाटत होतं की आपण परत चाललोय. चाललोय बंदराच्या दिशेने, पण वाटतंय परत. तो मनात म्हणत राहिला: डावी, डावी, डावी. वीस वेळा म्हटल्यावर त्या शब्दाला काही अर्थच उरला नाही.

गावाच्या टोकाला मोएलांगी आजीचं घर. समुद्राच्या अंगाला, चारी बाजूंनी उघडं, आत अंथरुणाला खिळलेला नवरा. ऐंशी वर्षांची आजी पहिल्यांदाच जाताना रस्ता न ओलांडता थांबली होती. बस थेट तिच्या अंगणाशी आली.

आजी पुढे झाली. समोर फळ्या.

"दार कुठे गेलं?"

"पलीकडे, आजी! पुढून वळसा घालून या!"

"बस माझ्या अंगणात आणि दार रस्त्यात? हे कुणाचं डोकं?"

"सरकारचं, आजी."

"मग सरकारला म्हणावं, तूच ये वळसा घालून."

सगळे हसले. रोपाती उतरला, रस्त्यावर नजर ठेवून तिला हाताला धरून घेऊन आला. तिसऱ्या बाकावरच्या बाया उठल्या, बस सरकली, आजी बसली. आउकुसोने मागे वळून तिचा पाय आत आलेला बघितला आणि गाडी सोडली.

एक मैल. दोन मैल. चर्च. आउकुसो एकदाही चुकला नाही.


प्रार्थना

पाद्री लांबलचक बोलले. देवाने कुणाला उजवीकडे बसवलं, कुणाला डावीकडे, यावर बरंच. आउकुसोला त्यातलं एवढंच कळलं की डावीकडचे नरकात गेले. त्याने सीएनीकडे बघितलं. तिने तोंडावर पंखा धरला होता, खांदे हलत होते.


परत येताना, घंटी

परत येताना समुद्र उजवीकडे. बस डाव्या कडेने, म्हणजे डोंगराच्या अंगाने. उन्हाने डांबर मऊ झालेलं. आत गाणी चालली होती. प्रार्थनेनंतरच्या जेवणातलं उरलेलं, झावळ्यांच्या टोपल्यांत, प्रत्येकाच्या मांडीवर. सुट्टीमुळे रस्त्यावर गाड्या बऱ्याच होत्या. लोक सहज बघायला म्हणून निघालेले, सावकाश, काचा खाली करून एकमेकांना हात करत.

मोएलांगी आजीचं घर जवळ आलं. छताखालची दोरी ओढली गेली. आउकुसोच्या डोक्यावर घंटी वाजली.

पुढचं त्या दिवशी गावात ज्याने त्याने आपापल्या परीने सांगितलं.

मागच्या बाकावर बसलेल्या सीएनीने पाहिलं ते असं: आजी दोन टोपल्या सांभाळत उठली. एका हातात नवऱ्यासाठी डुकराचं मांस, दुसऱ्यात तारो. म्हणजे धरायला हात नाही. बस हळू झाली. सीएनीला आउकुसोची मान दिसत होती, मागून. ती मान थोडी उजवीकडे वळली, आजीकडे. मग बस वळली.

रोपातीने पाहिलं ते असं: काकाने समोर बघितलं. समोरून एक पांढरी गाडी येत होती, लांब, अगदी हळू. काकाने ती बघितली, नक्की बघितली, कारण त्याचा पाय ब्रेकवर गेला. मग त्याने चाक उजवीकडे घेतलं. रोपाती ओरडला, "काका, उजवी! काका!" पण बस रस्ता ओलांडून समुद्राच्या अंगाला, आजीच्या अंगणाला लागली होती. पांढरी गाडी वीस हातांवर थांबली. तिच्या ड्रायव्हरने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. त्याला वाटलं, आपणच चुकलो.

आउकुसोने पाहिलं ते असं: घंटी. आजी. दार.

आणि मग दार उघडून गवत.

मधलं काही नव्हतं. मधे काय झालं ते तो नंतर कितीदा शोधत होता, मिळालं नाही. सत्तावीस वर्षं परतीच्या वाटेवर त्या घंटीला त्याचा हात जिकडे गेला, तिकडेच गेला असेल. किंवा त्याने आजीचे भरलेले हात बघितले, समोरचं डांबर बघितलं, आणि ठरवलं. ठरवलं असेल तर कधी? ठरवताना माणसाला कळतं ना, आपण ठरवतोय म्हणून?

आजी उतरली. तिचा पाय गवताला लागला. आउकुसोने बघितलं.

"पोरा," ती खालून म्हणाली, "सगळं जग चुकलं तरी तू बरोबर दारात आणलंस." आणि टोपल्या घेऊन चालती झाली.

हे तिने बोलायला नको होतं.


प्रश्न

गाणी थांबली होती. इंजिन घरघरत होतं. पांढऱ्या गाडीतला माणूस अजूनही वाट बघत होता.

लेसा पुढच्या बाकावरून उठला नाही. पंखाही हलवला नाही.

"आउकुसो. आधी बस नीट लाव."

आउकुसोने बस मागे घेतली, मग पुढे, मग डाव्या कडेला. पांढरी गाडी निघून गेली. त्याने इंजिन बंद केलं. आता समुद्र ऐकू यायला लागला.

"एकच विचारतो," लेसा म्हणाला. "विसरलास की मुद्दाम गेलास?"

साठ माणसं ऐकत होती. दोन्ही उत्तरांचं काय होणार हे प्रत्येकाला माहीत होतं. विसरलो म्हटलं तर गाव माफ करणार आणि चावी जाणार. मुद्दाम म्हटलं तर चावी राहणार, कारण ज्याला आपण काय करतोय ते कळतं त्याची चावी कशाला काढायची? पण मग दहा डुकरं. आणि डुकरांपेक्षा जास्त म्हणजे, ज्याने सभेत उभं राहून तो दंड मांडला, त्याच्याच सख्ख्या भावाने पहिल्याच दिवशी तो मोडला, ही नाचक्की. लेसाला यापुढे सभेत तोंड वर करून बोलता आलं नसतं.

"मुद्दाम म्हणा," मागून कुणीतरी कुजबुजलं. "डुकरं आपण सगळे मिळून देऊ."

"गप गं. लेसांचं काय?"

"विसरले म्हणा काका, त्यात काय लाज, सगळेच विसरतात..."

"आणि बस?"

"अरे, त्यांना बोलू द्या ना!" सीएनी ओरडली.

आउकुसोने चाकाकडे बघितलं. चाकाला काही डावं उजवं नसतं, गोल असतं. त्याने खरंच प्रयत्न केला. घंटी. मग काय? आजीच्या टोपल्या दिसल्या होत्या, हे खरं. पांढरी गाडी? दिसली असावी. रोपाती म्हणतो दिसली. आपण डावी डावी म्हणत होतो का तेव्हा? जाताना म्हणत होतो. येताना... येताना गाणं म्हणत होतो. मग विसरलोच. पण विसरलो असतो तर ब्रेक कसा लावला? ब्रेक तर घंटी वाजली की लागतोच.

"दादा," तो म्हणाला, "मला माहीत नाही."

"हे उत्तर नाही."

"नाही. पण खरं तेवढंच आहे."

"मी दोन गोष्टी विचारल्या. त्यातली एक सांग."

"तुम्हाला सोपी जाईल ती सांगू?"

लेसाचा चेहरा बदलला. तो रागावला असं काहींना वाटलं. रोपातीला मात्र आपला बाप एकदम थकल्यासारखा वाटला.

"मला कुठलीच सोपी नाही, आउकुसो," लेसा म्हणाला. असं तो कधी बोलत नसे.

कुणाच्या तरी टोपलीतून तारो घरंगळला आणि कुणी उचलला नाही.

आउकुसो पुन्हा एकदा शोधून आला. घंटी, आजी, दार, गवत. त्या घंटीच्या आणि गवताच्या मधे एक पांढरी गाडी होती आणि गाडीत माणूस होता. आणि तिथे, नेमकं तिथे, त्याच्याकडे काही नव्हतं. रिकामी जागा. तिथे तो विसरला होता की धाडसी झाला होता की नुसता दयाळू, ते कळायला मार्ग नव्हता. आणि तशीच जागा उद्या पुन्हा येणार होती. घंटी रोज वाजते.

त्याने चावी काढली. नेहमीच्या नारळाच्या दोरीत ओवलेली, घामाने काळी पडलेली.

"दादा, विसरलो असं धरा," तो म्हणाला. "खरंखोटं मला कळत नाही. आणि ज्याला कळत नाही, त्याच्या हातात साठ माणसं कशी देणार?"

त्याने चावी इंजिनाच्या झाकणावर, रोपातीच्या मांडीशेजारी ठेवली.

"काका, मी नाही..." रोपाती म्हणाला. "मी त्या घरापाशी डावीकडेच थांबलो असतो. आजीला उतरवलं असतं आणि निघालो असतो. मागे वळून बघितलंही नसतं. पावाच्या गाडीत कोण असतं बघायला?"

"बघायला शिकशील."

"आणि तुम्ही?"

"आधी तू बस इथे. इंजिन गार पडलं की रुसतं."


जागा

आउकुसो खुर्चीतून उठला आणि मग एक भलतीच अडचण आली. या बसमध्ये तो कधी बसला नव्हता. चालवली होती. ती खुर्ची सोडली तर बसायचं कुठे?

त्याला उभा बघून बस सरकू लागली. लेसाचा भाऊ, म्हणजे पुढचाच बाक. लेसाशेजारचा म्हातारा उठला. "नको, बसा तुम्ही," आउकुसो म्हणाला. पण म्हातारा उठला म्हणून त्याच्या मागचा उठला होता, त्याच्या मागची बाई उठली होती, आणि सरकत सरकत शेवटी कुणीतरी सीएनीच्या मांडीवर येऊन बसलं होतं. आता सगळे मागे सरकलेले आणि पुढची जागा रिकामी. वयाने तो मधल्या बाकाचा, घराण्याने पुढच्याचा, आणि चावी गेलेल्या ड्रायव्हरला रिवाजात जागाच नव्हती.

"बस रे," लेसा हळूच म्हणाला. "माझ्या शेजारी बस."

"बसतो, दादा."

पण तो बसला नाही. दाराच्या दांडीला धरून उभा राहिला.

रोपातीने बस सुरू केली. सफाईने डाव्या कडेने नेली. कुणी गाणं सुरू केलं नाही. अर्ध्या मैलावर पुन्हा घंटी वाजली. पेसामिनो. एका पायाने अधू, कुबडीवाला, घर समुद्राच्या अंगाला. रोपाती बरोबर डाव्या कडेला थांबला. कुठेही खोट काढायला जागा नाही. दार रस्त्याच्या मधोमध उघडलं.

पेसामिनोने कुबडी पुढे केली आणि मागे घेतली. खाली डांबर होतं. डांबराच्या पलीकडे त्याचं घर.

"जाऊ की नको?" त्याने विचारलं.

रोपातीने आरशात बघितलं, मग समोर बघितलं, मग मान वळवून आउकुसोकडे.

आउकुसो आधीच खाली उतरला होता. रस्त्यात, मधोमध. गाड्या आता कुठून यायला हव्यात ते त्याला माहीत होतं: समोरून. पण आज कोण कुठून येईल याचा भरवसा काय? त्याने एक हात समोर केला. मग वळून बघितलं आणि दुसरा मागे केला. मग दोन्ही हात पसरून तसाच उभा राहिला.

समोरून एक गाडी आली. रोपातीच्या गाडीसारखीच निळी, जुनी, ऑकलंडची. थांबली. उजव्या खिडकीतून एका माणसाने डोकं बाहेर काढलं. चेहरा घामाने डबडबलेला, शेजारी बायको दोन्ही हातांनी त्याचा दंड धरून.

"काका," त्याने विचारलं, "मी बरोबर बाजूला आहे ना?"

आउकुसोने त्याच्याकडे बघितलं. मग बसकडे. मग समुद्र कुठे आहे ते बघितलं.

"थांब जरा," तो म्हणाला. "आधी पेसामिनोला पलीकडे जाऊ दे. मग बघून सांगतो."